कूतच्या वेढ्यातला शिधा

'आधी पोटोबा, मग विठोबा' ही म्हण आपण उठता-बसता वापरतो. एकादशीच्या दिवशी नातवाने पोळी मागितली, तर आजीबाईदेखील हसत हसत हेच म्हणते आणि त्याच्यापुढे ताट सारते. घरात भरलेले डबे असतात, चुलीवर काही ना काही शिजत असते, तेव्हा ही म्हण सोपी असते. तिची खरी परीक्षा झाली ती १९१६ साली, आपल्या देशापासून फार दूर, आजच्या इराकमधल्या कूत-अल-अमारा नावाच्या गावात. परीक्षा देणारे होते आपल्याकडचे शिपाई, आणि त्यांत मराठे पुष्कळ होते.

लढाईचा इतिहास हा पुरुषांचा विषय, बायकांच्या स्मरणिकेत त्याचे काय काम, असे कोणी विचारील. पण भगिनींनो, ही लढाई शेवटी बंदुकीवर ठरली नाही. ती ठरली कणकेवर, डाळीवर, भाजीवर आणि जात्यावर. तेव्हा तिच्याविषयी दोन शब्द बोलण्याचा आपला अधिकार इतरांपेक्षा काकणभर सरसच आहे.

आधी थोडी हकिकत सांगते. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूला गेले. इराणच्या आखाताजवळचे तेल सुरक्षित राहावे म्हणून इंग्रजांनी हिंदुस्थानातून फौज पाठवली. या फौजेचे नावच 'पूना डिव्हिजन' असे होते. नोव्हेंबर १९१४ मध्ये ती तिथे उतरली आणि त्याच महिन्यात तिने बसरा घेतले. तिच्यात १०३ वी आणि ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री होती, ११७ वी मराठा पलटण होती. पंजाबी, राजपूत, गुरखे होते आणि काही गोऱ्या पलटणीही होत्या. कोकणातला भात खाणारा आणि देशावरचा भाकरी खाणारा तरुण खजुरांच्या वाळवंटी मुलखात जाऊन पोहोचला.

पुढे मेजर जनरल टाउनशेंड यांच्या हाताखाली ही फौज टायग्रिस नदीच्या काठाने बगदादच्या दिशेने वर वर सरकत गेली. बगदाद अगदी जवळ आले असताना, २२ नोव्हेंबर १९१५ रोजी टेसिफॉन येथे मोठी लढाई जुंपली. माणसे फार पडली, आणि फौजेला मागे फिरावे लागले. थकलेली फौज ३ डिसेंबरला कूत गावी येऊन थांबली. नदीने तीन बाजूंनी वेढलेले ते गाव. ७ डिसेंबरला तुर्कांनी चौथी बाजूही बंद केली. आत शिपाई आणि नोकरचाकर मिळून सुमारे १५,००० माणसे, आणि शिवाय गावातले सुमारे ६,००० रहिवासी. एवढी तोंडे आणि कोठारात असेल तेवढेच धान्य.

आता त्या काळी शिपायाला खायला काय मिळे, ते पाहू. शांततेच्या दिवसांत हिंदी शिपायाला शिधा फुकट मिळत नसे. पायदळातल्या शिपायाचा पगार महिना ११ रुपये, आणि त्यातूनच त्याने पलटणीबरोबरच्या वाण्याकडून पीठमीठ घ्यायचे. महागाई वाढली तर सरकार थोडी भर घाली, इतकेच. लढाईवर गेल्यावर मात्र शिधा सरकारचा. त्याचे प्रमाण साधारण असे होते : माणशी रोज दीड पौंड कणीक, ४ औंस डाळ, २ औंस तूप, थोडा गूळ, मीठ, हळद, मिरची, चहा आणि नावापुरते दोन औंस बटाटे. मांस खाणाऱ्यांना थोडे मांस.

दीड पौंड म्हणजे सुमारे ६८० ग्रॅम. आपल्या हाताच्या अठरा-वीस पोळ्या त्यात होतील. पोट भरायला एवढे पुष्कळ झाले, असे कागदावर बघणाऱ्याला वाटेल. पण हाच शिधा आपल्या डोळ्यांनी पाहा. त्यात पालेभाजी कुठे आहे? लिंबू, चिंच, कांदा, आवळा कुठे आहे? दोन औंस बटाटा म्हणजे एक लहानसा बटाटा. तोही बसऱ्यापलीकडे पोहोचेल तेव्हा! नदीतून माल नेणाऱ्या बोटी फार थोड्या होत्या, आणि सामान बसऱ्याला पडून राही. रोजच्या ताटात डाव्या बाजूला काहीच वाढले जात नाही, असा तो शिधा होता. कोशिंबीर-चटणीला आपण 'डावी बाजू' म्हणतो आणि ती चवीपुरती आहे असे समजतो. ती चवीपुरती नाही, हे कूतने दाखवून दिले.

सरकारला हिंदी माणसाचे जेवण कळतच नव्हते, असेही म्हणता येत नाही. त्याच वेळी फ्रान्समध्ये जखमी झालेल्या हिंदी शिपायांसाठी इंग्लंडात ब्रायटन येथे राजवाड्यात रुग्णालय उघडले होते. तिथे निरनिराळ्या जातिधर्मांसाठी ९ स्वयंपाकघरे होती, हिंदू-मुसलमानांच्या पाण्याचे नळही वेगवेगळे होते. म्हणजे मनात आणले तर होत होते. इराकच्या मोहिमेचा कारभार मात्र सुरुवातीला काटकसरीने चालला, आणि ती काटकसर शिपायाच्या ताटातून निघाली.

वेढा पडल्यावर पहिली गोष्ट काय करायला हवी होती? कोणतीही गृहिणी सांगेल. कोठार उघडून मोजायला हवे होते. पाहुणे अचानक मुक्कामाला आले तर आपण आधी डबे हलवून बघतो, आणि मगच वाण्याकडे मुलाला पिटाळतो. टाउनशेंडसाहेबांनी सुरुवातीला कळवले, की गोऱ्या शिपायांना सुमारे एक महिना आणि हिंदी शिपायांना सुमारे दोन महिने पुरेल इतके अन्न आहे. हे ऐकून सुटकेसाठी निघालेल्या फौजेने घाई केली. पुरती जमवाजमव न करता, पावसाचिखलात, जानेवारी १९१६ मध्ये तिने हल्ल्यावर हल्ले केले आणि प्रत्येक वेळी हजारो माणसे गमावली. मग जानेवारीच्या अखेरीस गावातल्या घराघरांतून धान्य शोधले तेव्हा सातूचा मोठा साठा हाती लागला, आणि अजून ८४ दिवस निभावता येईल असा निरोप गेला! हाच हिशेब डिसेंबरात झाला असता तर सुटकेच्या फौजेला दम खाऊन, तयारी करून येता आले असते. कूत सोडवण्याच्या प्रयत्नांत सुमारे २३,००० माणसे मेली किंवा जखमी झाली, आणि कूत सुटले नाहीच. एवढ्या विद्वान सेनापतीच्या कारभारात डबे हलवून बघायचे तेवढे राहून गेले.

आता या वेढ्यातली सर्वांत नवलाची गोष्ट सांगते. एकाच गावात, एकाच वेळी, दोन निराळे आजार पसरले. गोऱ्या शिपायांना बेरीबेरी झाला. पाय सुजायचे, बधिर व्हायचे, हृदय थकायचे. हिंदी शिपायांना तो झाला नाही. उलट शेकडो हिंदी शिपायांना स्कर्व्ही झाला. हिरड्या सुजून रक्त यायचे, दात हलायचे, जुन्या जखमा पुन्हा उघडायच्या. आणि गोरे लोक त्यातून जवळजवळ वाचले.

कारण ताटात होते. गोरा शिपाई खात असे पांढऱ्या मैद्याचा पाव. धान्याचा कोंडा आणि अंकुर काढून टाकला की त्यातले एक जीवनसत्त्व जाते आणि बेरीबेरी होतो. हिंदी शिपाई खात असे कोंड्यासकट दळलेली कणीक आणि सातूचे पीठ. फेब्रुवारीच्या सुमारास मैदा संपत आला आणि गोऱ्यांनाही सातू मिसळलेली जाडीभरडी भाकरी मिळू लागली, तेव्हा त्यांचा बेरीबेरी ओसरला. जे पीठ गोऱ्यांना हलके वाटत होते, त्यानेच त्यांना सावरले. आणि स्कर्व्ही गोऱ्यांना का झाला नाही? तर ते ताजे मांस खात होते. हे मांस होते घोड्याचे.

इथे आपण त्या परीक्षेपाशी येतो. बाहेरून काही येईना, तेव्हा जानेवारीच्या अखेरीपासून तोफखान्याचे आणि सामानाचे घोडे आणि खेचरे रोज कापली जाऊ लागली. हिंदू, मुसलमान, शीख, बहुतेक सर्व हिंदी शिपायांनी ते मांस खायला नकार दिला. सरकारने हिंदुस्थानातल्या हिंदू आणि मुसलमान धर्मगुरूंना विचारले. आणीबाणीत असे खाल्ले तर दोष नाही, अशी त्यांची मते तारेने मागवली आणि शिपायांना सांगितली. तरी फार थोडे तयार झाले. एप्रिल उजाडला, शिधा अगदी तळाला गेला, तेव्हा कुठे हजारो शिपायांनी ते मांस घेतले. पण तोवर अंगातली शक्ती निघून गेली होती. पुढे टाउनशेंडसाहेबांनी दोष दिला तो या नकाराला. हिंदी शिपाई आधीच खाते, तर वेढा आणखी पुष्कळ दिवस झुंजवता आला असता, असे त्यांचे म्हणणे.

या आरोपाचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्या शिपायांना वेडे किंवा हट्टी म्हणणे सोपे आहे. पण त्यांना भीती कशाची होती? तुर्कांच्या गोळीची नव्हती. ते टेसिफॉनहून लढत लढत आले होते. भीती होती ती घरची. परत गेल्यावर गाव वाळीत टाकील, पंगतीला कोणी बसवणार नाही, आपल्या घरात कोणी मुलगी देणार नाही, ही भीती होती. त्या वेळच्या लिहिण्यांतून ती नोंदलेली आहे. आणि भगिनींनो, पंगत मांडणारे, पाणी वेगळे ठेवणारे, सोयरीक जमवताना 'त्या घरात काय खाल्ले जाते' याची चौकशी करणारे हात कोणाचे होते? पुष्कळसे आपल्याच आज्या-पणज्यांचे होते. हजारो मैलांवर उपाशी बसलेला शिपाई आपल्या आईच्या स्वयंपाकघराच्या उंबरठ्याला भीत होता. धर्मगुरूंची तार आली, पण आईची आली नाही. मला वाटते, कितीएकांनी त्या मांसाकडे पाठ फिरवली ती यासाठी.

म्हणून मी त्या शिपायांना दोष देत नाही. त्यांच्या आज्यांनाही एकट्या दोष देत नाही, कारण त्यांना कोणी विचारलेच नव्हते. दोष पहिल्यांदा त्या शिध्याचा, ज्यात वर्षभर हिरवे पान नव्हते. शिपाई कूतमध्ये शिरला तोच अंगातला साठा संपवून. भाजीपाला मिळत असता तर स्कर्व्ही टाळायला घोड्याच्या मांसाची गरजच पडली नसती. वेढ्यात डॉक्टरांनी शेवटी आसपासच्या रानातला हिरवा पाला गोळा करायला लावला आणि तो शिजवून भाजी म्हणून दिला. पावसाळ्याच्या तोंडाला टाकळा, कुर्डू खुडून आणणाऱ्या आपल्या बायकांना ही युक्ती सांगावी लागली नसती.

शेवटचे दिवस फार वाईट गेले. एप्रिलच्या मध्यानंतर पिठाचा शिधा रोज ४ औंसांवर आला. ४ औंस म्हणजे ११३ ग्रॅम. घरी एकदा मोजून बघा, तीन पोळ्यांपुरते पीठ होते. एवढ्यावर चर खणायचा, पहारा करायचा आणि बंदूक उचलायची. सातूचे दाणे होते, तर दळायला पुरेशी जाती नव्हती. तेव्हा विमानातून जात्याची तळी खाली टाकण्यात आली! १५ एप्रिलपासून विमानांनी पिठाची, साखरेची आणि मिठाची पोतीही टाकली. वेढलेल्या फौजेला आकाशातून अन्न पुरवण्याचा जगातला हा पहिलाच प्रयत्न. पण ती विमाने लहान होती आणि काही पोती नदीत पडली. तेवढ्याने इतक्या माणसांचे पोट भरणे शक्य नव्हते. २४ एप्रिलच्या रात्री 'जुल्नार' नावाची आगबोट सुमारे २७० टन सामान घेऊन नदीतून निघाली, ती वाटेत अडकली आणि तुर्कांच्या हाती पडली. २९ एप्रिल १९१६ रोजी कूतने शरणागती पत्करली. तोफांनी जे झाले नव्हते ते उपासमारीने झाले.

कैद झालेल्यांचे हाल तिथेच संपले नाहीत. अनेक महिन्यांच्या उपाशी पोटी तुर्कांनी दिलेली कडक बिस्किटे खाऊन पुष्कळ जण पोटाच्या विकाराने लगेच दगावले. उरलेल्यांना वाळवंटातून पायी नेले. हिंदी कैद्यांपैकी पुष्कळांना रास-अल-ऐन येथे रेल्वेच्या कामाला जुंपले. सुमारे अडीच हजार हिंदी शिपाई त्या कैदेतून परत आले नाहीत.

या दुःखातून जे ज्ञान निघाले, त्यात बायकांचा वाटा मोठा आहे आणि तो आपल्याला ठाऊक असावा. लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक आणि मार्गारेट ह्यूम या दोघी संशोधक होत्या. युद्धाच्या दिवसांत त्यांनी आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी शिपायांच्या शिध्यातले कोणते अन्न बेरीबेरी टाळते आणि कोणते स्कर्व्ही, याचे पद्धतशीर प्रयोग केले. स्कर्व्हीवर सरकार जो लिंबाचा रस बाटल्यांतून पाठवत होते, तो फारसा उपयोगी नाही, हे त्यांनी दाखवले. ताजे लिंबू निराळे आणि महिनोन्महिने बाटलीत राहिलेला रस निराळा. आणि भाजी मिळत नसेल तिथे काय करावे? त्यांनी सांगितले, अख्खे कडधान्य भिजवावे, त्याला मोड आणावेत आणि फार न शिजवता खावे. कोरड्या दाण्यात नसलेले गुण मोड येताच त्यात येतात.

हे वाचले तेव्हा मी हातातले पुस्तक बाजूला ठेवून थोडा वेळ नुसती बसून राहिले. मटकीची उसळ! शिधापत्रकात शब्द होता 'डाळ'. भरडलेल्या डाळीला मोड येत नाहीत, हे आपल्यातल्या दहा वर्षांच्या मुलीलाही ठाऊक असते. त्याच ४ औंसांत डाळीऐवजी अख्खी मटकी किंवा मूग असते, सोबत एक ओले फडके असते, तर कितीतरी हिरड्या शाबूत राहिल्या असत्या. हे ज्ञान साताऱ्या-रत्नागिरीच्या स्वयंपाकघरात होते आणि लंडनच्या प्रयोगशाळेतही आले. जिथे शिधा ठरतो त्या कचेरीत मात्र ते वेळेवर पोहोचले नाही.

पुढे सुधारणा झाल्या. इराकच्या मोहिमेतील हलगर्जीची चौकशी होऊन १९१७ साली अहवाल निघाला. त्याच वर्षीच्या जानेवारीपासून हिंदी शिपायाला शांततेच्या काळातही मोफत शिधा सुरू झाला. इराकमध्ये फौजेसाठी भाजीचे मळे लावले गेले. स्वातंत्र्यानंतर, १९६१ साली, म्हैसूर येथे सैन्याच्या अन्नाचा अभ्यास करणारी सरकारी प्रयोगशाळा निघाली, आणि बर्फातल्या ठाण्यांवरही टिकेल असे तयार जेवण तिने बनवले. २०२३ साली भारतीय सैन्याच्या शिध्यात ज्वारी, बाजरी आणि नाचणीचे पीठ सुमारे पन्नास वर्षांनी परत आले. भाकरी पुन्हा पलटणीत गेली, ही बातमी वाचून कोणत्या मराठी आईला बरे वाटले नसेल?

एक गोष्ट मात्र सलते. १९२९ साली बसऱ्याजवळ जे मोठे स्मारक उभारले, त्यावर इराकमध्ये पडलेल्या आणि ज्यांची कबर ठाऊक नाही अशा ४०,००० हून अधिक माणसांचे स्मरण आहे. त्यात गोऱ्या शिपायांची नावे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली, पण साध्या हिंदी शिपायांची नुसती संख्या कोरली. ही वागणूक विषम होती, हे स्मारके सांभाळणाऱ्या संस्थेने २०२१ साली आपल्या अहवालात मान्य केले. जिवंतपणी माणशी औंस मोजले आणि मेल्यावर माणसे मोजली. नाव कुठेच नाही.

आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत अशी घरे आहेत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाने त्या एका महायुद्धात ४६ माणसे दिली. आपल्याही ओळखीत कोणाचा तरी पणजोबा 'बसऱ्याला' गेलेला असेल. माझी मंडळातल्या भगिनींना एवढीच विनंती आहे, की आपल्या माहेरी-सासरी वडीलधाऱ्यांना विचारावे, त्यांचे नाव काय, पलटण कोणती, आणि परत आले असतील तर त्यांना घरात कोणत्या पंगतीला बसवले. ही माहिती एका वहीत लिहून मंडळाच्या कपाटात ठेवू. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कदाचित कोणी चटकन देणार नाही, पण तोच प्रश्न आधी विचारावा असे मला वाटते.